पुढची चाकं फिरत नव्हती

माझा नवरा जीप घेऊन आला त्या संध्याकाळी मी ऑफिसातून नुकतीच घरी पोचले होते आणि मला फक्त चहा हवा होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं भाड्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे जेमतेम अंगण. त्यात कपड्यांची दोरी, सासूबाईंची तुळस, मुलीची सायकल आणि सासऱ्यांची खुर्ची एवढं सगळं आधीच एकमेकांना ढोसत उभं असायचं. आता त्यात एक हिरवट, जागोजागी रंग उडालेली, दरवाजे नसलेली जीप घुसली होती आणि दोरीवरची माझी पांढरी साडी तिच्या बॉनेटवर पडलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"जीप."

"ते दिसून राहिलं मले. आपल्या घरी काहून?"

"फोर व्हील आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मुलीच्या जन्माच्या वेळी झाला होता तसा झाला होता. "चारही चाकांना जोर मिळतो. चिखल असो, दगड असो, चढ असो, थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन डोंगरावर जाऊ. चिल्फी घाटाच्या वर पठार आहे. बस जात नाही तिथे."

"मग बस जाते तिथे जाऊ ना."

त्याने बॉनेटवरची साडी उचलून माझ्या हातात दिली. साडीवरचा ग्रीसचा डाग आजतागायत निघालेला नाही.

राज्य नवीन होतं तेव्हा. माझी नोकरी जुन्या राज्याच्या वाटणीत रायपूरला आली होती आणि नोकरीच्या मागून मी आले होते. नवऱ्याने मग सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम धरलं. गोंदियाहून सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. सासरे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सकाळी सातला तयार होऊन खुर्चीत बसायचे. मुलगी बारा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

ऑफिसात त्या दिवसांत फायलींना कपाटं नव्हती. गठ्ठे पोत्यांत बांधून आलेले, ते व्हरांड्यात रचून ठेवलेले. दिवसभर मी त्या पोत्यांत कागद शोधायची आणि घरी यायची, तर घरी कपाटात कपड्यांच्या जागी कार्ब्युरेटर. तो ग्रीस पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या शालींच्या खणात ठेवलेला.

"धूळ लागून राहिली होती बाहेर," सासरे म्हणाले.

"बाबा, शालींना ग्रीस लागून राहिलं."

"शाल धुता येते बेटा. कार्ब्युरेटर नाही धुता येत तसा."

दोनच दिवसांत पोळा आला. सासूबाईंनी बैलांना ओवाळतात तसं जीपला ओवाळलं, बॉनेटवर हळदीचे हात उमटवले आणि समोरच्या जाळीत पुरणपोळीचा तुकडा ठेवला. मुंग्या लागल्या. त्या मुंग्या वायरींच्या वाटेने आत गेल्या आणि आठवडाभर गाडीत बसलं की पायाला चावायच्या.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नवरा कारखान्यातून आला की कपडे बदलायच्या आधी जीपपाशी. सासऱ्यांची पाठ दुखायची, वाकता यायचं नाही, म्हणून ते खुर्चीतून हुकूम सोडायचे.

"ते नट अगोदर ढिल्ले कर."

"बाबा, पुस्तकात वेगळं लिहिलंय."

"पुस्तकानं इंजन चालत नाही. पस्तीस वर्षं काय म्या पुस्तक वाचून राहिलो होतो का?"

"ते वाफेचं इंजन होतं, बाबा."

"इंजन इंजन असते!"

मग नवरा सासऱ्यांनी सांगितलेलं न करता पुस्तकातलं करायचा, नट अडकायचा, सासरे आकाशाकडे बघायचे. मी स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायची आणि पोळी करपायची.

तेलीबांध्याजवळ एक मेकॅनिक होता, पन्नाशीचा, फार कमी बोलणारा. रविवारी जीप त्याच्याकडे जायची. त्याने नवे ब्रेक बसवले, स्प्रिंगच्या कमानीचे पट्टे बदलले, खोल खाचांचे टायर चढवले. नवऱ्याने वर लोखंडी कॅरिअर करून घेतला, पुढे चार पिवळे दिवे लावले, मागे पाण्याच्या कॅनसाठी चौकट. हॉर्न असा बसवला की पहिल्यांदा वाजवला तेव्हा शेजारच्या काकूंच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. घरातून वस्तू नाहीशा होऊ लागल्या. माझी जुनी इस्त्रीची चादर ड्रायव्हरच्या सीटवर गेली. कुकरची जुनी रबरी रिंग रेडिएटरच्या कुठल्याशा झाकणाला गेली. ती जुनी नव्हती. हे मला कुकर लावल्यावर कळलं, वरण भिंतीवर गेल्यावर.

"तुम्ही विचारत काहून नाही?" मी ओरडले.

"तू ऑफिसात होती," नवरा म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी परीक्षा ठरली. तेलीबांध्याच्या पुढे तेव्हा नव्या वसाहतींसाठी प्लॉट पाडून ठेवले होते, मुरमाचे ढीग पडलेले होते. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, खाली चिखल ओला होता. नवऱ्याने एक मोठा ढीग निवडला. आम्ही सगळे उतरून बाजूला उभे राहिलो. सासूबाईंसाठी खुर्ची नेली होती. प्लॉटवर काम करणारे मजूर काम थांबवून बघायला आले.

नवऱ्याने गिअरच्या बाजूचा छोटा दांडा खटकन पुढे ढकलला. "आता फोर व्हील!" तो ओरडला, आणि जीप ढिगावर चढली. अर्धी चढली. मग मागची चाकं घुर्रघुर्र करून मुरूम उडवायला लागली. मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांवर तांबडा पाऊस. गाडी हळूहळू मागे घसरत आली आणि चिखलात मागच्या आसापर्यंत बसली.

"क्लच लवकर सोडला तू!" सासरे म्हणाले. "सांगून राहिलो होतो ना, दम धर!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्यांदा सासरे चिखलात उतरून खिडकीपाशी, म्हणजे खिडकी असती तिथे, उभे राहून क्लच कसा दाबायचा ते हाताने दाखवत होते. नवरा त्यांच्याकडे न बघता ॲक्सिलेटर दाबत होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मम्मी, आगे वाले पहिये तो घूम ही नहीं रहे."

मी बघितलं. खरंच. मागची दोन्ही चाकं चिखल उडवत होती आणि पुढची दोन्ही नुसती उभी होती.

मी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. सीटखालून ते ग्रीसने माखलेलं पुस्तक काढलं. गाडीचं खालून काढलेलं चित्र त्यात होतं. पदर खोचला आणि मजुरांसमोर, सासऱ्यांसमोर चिखलात गुडघे टेकून खाली वाकून बघितलं. चित्रात मधल्या गिअरच्या पेटीतून दोन दांडे निघत होते. एक मागच्या चाकांकडे जात होता, एक पुढच्या. गाडीखाली एकच होता. पुढच्या जागेला पत्र्याचं एक झाकण नटांनी घट्ट बसवलेलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "हा पुढचा दांडा कुठं आहे?"

नवरा वाकला. बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"आहे ना शाफ्ट," तो म्हणाला.

"एक आहे. दोन पाहिजे."

सासऱ्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. लग्न होऊन पंधरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पुस्तकात बघताना पाहिलं.

एका ट्रॅक्टरने ओढून काढली जीप. तशीच मेकॅनिककडे नेली. त्याने वाकूनही पाहिलं नाही. "आगे का शाफ्ट? वो तो पहले से ही नहीं है, भैया."

"तुम्हें मालूम था?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"हमको लगा आपको पता है. आधे लोग निकलवा देते हैं, तेल कम पीती है."

"सात हफ्ते से गाड़ी तुम्हारे पास आ रही है!"

"आपने ब्रेक बोला, ब्रेक किया. टायर बोला, टायर किया."

मला एकाच वेळी हसू येत होतं आणि रडूही. टायर झाले होते, दिवे झाले होते, हॉर्न झाला होता. दोन तज्ज्ञ दोन महिने त्या गाडीभोवती भांडत होते आणि ज्या एका गोष्टीसाठी ती घेतली, तीच तिच्यात नव्हती. घरी येताना मी हे सगळं बोलून दाखवलं. बोलायला नको होतं इतकं बोलले. नवऱ्याने ऐकून घेतलं. अंगणात गाडी लावली आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर सासरे घरात नव्हते. पाठदुखीचा माणूस टेम्पोत बसून सिलतऱ्याच्या बाजूला गेला होता, भंगारच्या यार्डांत शाफ्ट शोधायला. परत आले ते काळ्या राखेने माखून, हात हलवत. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कायले जाता? पाठ मोडून घ्याल." ते म्हणाले, "पाठ माही हाय ना?" दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्याही. मी रागावले, नवरा रागावला, काही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी रिक्षातून उतरले तेव्हा मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता, तान्ह्या पोरासारखा धरलेला.

तो चार बोटं जास्त लांब निघाला.

आता मात्र संपलं, असं मला वाटलं. पण नवरा तो दांडा दुसऱ्या दिवशी आपल्यासोबत घेऊन गेला आणि सासऱ्यांनाही म्हणाला, "चला." ओळखीच्या एका खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडे, दोघं गेले. दांडा कापून, पुन्हा जोडून, फिरवून फिरवून तोल बघायचा होता. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दोघंही सांगणारे नव्हते. एवढंच दिसलं, की शनिवारी अंगणात नवरा गाडीखाली आडवा पडला होता, सासरे खुर्ची सोडून जमिनीवर गोणपाट टाकून बसले होते आणि पाने एकेक करून त्याच्या हातात देत होते. तो मागायच्या आधीच, बरोबर नंबरचा. भांडण नाही. मला अंगणातली ती शांतता अवघडच वाटली.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. आता माझं काम सुरू झालं. पाच माणसं, तीन दिवस. सासूबाईंनी डब्बा भरला होता. डब्बा म्हणजे पंधरा किलो गहू मावतात तो पत्र्याचा. त्यात चकल्या, शंकरपाळे, अनारसे, तिखट पुऱ्या, ठेच्याची बरणी, आणि मधोमध खलबत्ता.

"आई, खलबत्ता कायले?"

"तिथं चटणी कशात कुटशील?"

"कुटायची कायले? ठेचा आहे ना."

"ठेचा संपला तर?"

डब्बा मागच्या बाजूला मावेना. गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, मुलीची बॅग. माझं डोकं फिरलं होतं. सीटच्या मागे एक जड, काळं पोतं होतं. दोन महिने त्या घरात लोखंडच लोखंड पाहिलं होतं मी. उघडून बघायचे कष्ट न घेता मी ते पोतं उचललं आणि जिन्याखाली सरकवून दिलं. डब्बा बरोबर त्या जागी बसला.

कवर्ध्यापर्यंत रस्ता चांगला होता. हॉर्न वाजवला की सायकलवाले रस्ता सोडून शेतात उतरायचे. चिल्फीला चहा घेतला आणि डांबरी रस्ता सोडला. तिथून वर सालाच्या जंगलातून दगडांची वाट होती. नवऱ्याने छोटा दांडा पुढे ढकलला. गाडी थरथरली, मग पुढच्या चाकांनी जमीन धरली. ते मला सीटमधून कळलं. समोरून कुणीतरी हात धरून ओढावं तसं. नाला आला, उतरली, चढली. गोल दगडांचा चढ आला, चढली.

"पाह्य!" सासरे म्हणाले. "पाह्य कशी चढून राहिली!" आणि लगेच, "दुसरा टाक. दुसरा गिअर टाक. ऐकून राहिला का?"

"बाबा, पहिलाच पाहिजे."

"आवाज ऐक इंजनचा!"

मी डोळे मिटून घेतले. वर पोचायला तासाभराची वाट उरली असेल, तेव्हा मागचं चाक एका धारदार दगडावर फाटलं.

स्टेपनी होती. नट खोलायचा पाना सीटखाली होता. नवरा मागे गेला, डब्बा उचलला, गाद्या उचलल्या आणि म्हणाला, "जॅकचं पोतं कुठाय?"

मी खाली ठेवलेल्या डब्ब्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही ठेवलं होतं ना?" नवऱ्याने विचारलं.

"ठेवलं होतं. सीटच्या मांगं."

"मग कुठं आहे? एक काम सांगितलं होतं तुम्हाला, बाबा. एक!"

सासरे गाडीतून खाली उतरले. सीटच्या मागे स्वतः हात घालून बघितलं. मग म्हणाले, "म्या ठेवलं होतं बा. बहुतेक ठेवलं होतं." त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "आजकाल ध्यानात नाही राहत."

मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पाच मिनिटं तरी गेली असतील. ते वाकून, पाठीला हात लावून गाडीभोवती फिरत होते, झुडपांतही बघत होते, जणू पोतं तिथे सांडलं असेल. दोन महिने मी या माणसांच्या बेफिकिरीवर ओरडत होते आणि आता माझीच जीभ उचलत नव्हती.

"मी काढलं," मी शेवटी म्हटलं. "डब्ब्यासाठी जागा केली. घरी जिन्याखाली आहे."

मुलगी माझ्याकडे बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "डब्बा माहा होता." सासऱ्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "म्हणजे म्या ठेवलं होतं." एवढंच. नवरा मात्र पाय आपटत दूर जाऊन उभा राहिला. त्याचा राग मला दिसत होता आणि तो पूर्णपणे खरा होता.

बाजार करून परतणारी चार माणसं खालून चढत आली. एक बाई, तीन पुरुष, खांद्यावर कावडी. काय झालं ते त्यांनी विचारलंही नाही, चाक दिसतच होतं. त्यांतला एक म्हणाला, "उठ जाही. फिकर झन कर." उचलली जाईल, काळजी करू नको. ते जंगलात गेले आणि पडलेल्या सालाचं एक लांब खोड घेऊन आले. खाली मोठा दगड ठेवला, त्यावर खोड, खोडाचं टोक गाडीखाली. सासऱ्यांनी बघितलं आणि एकदम पुढे झाले. "इथं नको, इथं नको. आसाखाली धरा." त्यांचं मराठी त्यांना किती कळलं कोण जाणे, पण हात कळले. त्या बाईसकट चौघांनी खोडावर भार टाकला, मीही टाकला, गाडी उचलली गेली. नवऱ्याने चाक बदललं. मी डब्बा उघडून चकल्या, अनारसे त्यांच्यापुढे केले. त्या बाईने खलबत्ता बघितला आणि खूप हसली. सासूबाई तिच्याबरोबर हसायला लागल्या. मला तेव्हा हसू आलं नाही.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चारी बाजूंना गवत, लांब काठावर डोंगरांच्या रांगा, वारा इतका की बोललेलं उडून जायचं. सासूबाई उतरून दोन पावलं चालल्या आणि तिथेच गवतात बसल्या. "बाप्पा!" एवढंच म्हणाल्या. मग चप्पल काढून ठेवली.

नवरा माझ्याशी अजून बोलत नव्हता. तो बॉनेटला टेकून उभा होता. सासरे त्याच्याजवळ गेले आणि काहीतरी बोलले. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. नवऱ्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय?" तो जोरात म्हणाला. "कधीच नाही?"

"कधी चालवू?" सासरे म्हणाले. "म्या फिटर होतो. चालवायले ड्रायव्हर होते. मंग सायकल होती. गाडी कुठं होती आपल्याकडे?"

म्हणजे क्लच, गिअर, ॲक्सिलेटर, दुसरा टाक, पहिला टाक. दोन महिने. मी कपाळावर हात मारला. नवऱ्याने मात्र ड्रायव्हरच्या सीटवरची चादर झटकली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

सासरे बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं की बोटं पांढरी पडली. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा हिसका, पुन्हा बंद.

"बाबा, क्लच हळू सोडा. हळू!"

"हळूच सोडून राहिलो!"

"हे हळू नाही!"

"मंग तुले जास्त समजते तर तूच चालव ना!"

"मीच चालवत होतो!"

तिसऱ्यांदा जीप निघाली. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, गवतावरून. त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला वळवलं ते वळलेलंच राहिलं, म्हणून गाडी मोठा गोल फिरायला लागली. एक फेरी झाली. दुसरी झाली. दोघांचं ओरडणं वाऱ्याबरोबर जवळ यायचं आणि लांब जायचं. मुलगी मागे धावत होती, "आबाजी, सीधा! सीधा करो!"

"थांबवावं कसं ते सांग!" सासऱ्यांचा आवाज आला.

मी सासूबाईंजवळ बसले. त्यांनी माझ्या हातात एक तिखट पुरी दिली. "खा," त्या म्हणाल्या. "यांचं भांडण आता लय वेळ चालन."